२४ बिटांतले १० बिट जातात कुठे? एडीसी निवडताना नॉइजचे आकडे कसे वाचायचे

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, काउंटरवर एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप) मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती बिटचा?" नवख्या माणसाला वाटतं, १२ पेक्षा १६ बरा, १६ पेक्षा २४ बरा, आणि २४ बिटचं मॉड्यूल स्वस्तात मिळतंय तर विचार कसला करायचा? मग वजनकाटा तयार होतो, ताट रिकामं असतं, आणि डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा काही केल्या थांबत नाही. ही चुळबुळ म्हणजे नॉइज.

बिटांची संख्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली असते. आपल्याला लागणारा आकडा आतल्या पानांवर एखाद्या तक्त्यात असतो, बहुधा मायक्रोव्होल्ट किंवा नॅनोव्होल्टमध्ये. तिथपर्यंत कसं पोचायचं ते इथे सांगतो. उदाहरण एकच, पण पूर्ण गणितासकट: किराणा दुकानात चालेल असा १० किलोचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, २ ग्रॅमच्या पायरीचा. तुमचं काम थर्मोकपलचं किंवा प्रेशर सेन्सरचं असलं तरी रीत हीच, आकडे तेवढे बदलायचे.

हाताशी काय हवं

- सेन्सरचं माहितीपत्रक. लोड सेल (वजनाप्रमाणे व्होल्टेज देणारा सेन्सर) असेल तर क्षमता, मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट (दिलेल्या दर व्होल्टमागे पूर्ण क्षमतेला मिळणारा सिग्नल) आणि रोध हे तीन आकडे तरी हवेतच.
- ज्या दोन-तीन एडीसींवर डोळा आहे त्यांच्या पूर्ण डेटाशीट. विक्रेत्याच्या पानावरचा चार ओळींचा सारांश चालणार नाही.
- लघुगणक करणारा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट.
- शेवटच्या पायरीसाठी मल्टिमीटर, ३५० ओहमच्या जवळपासचे चार मेटल फिल्म रेझिस्टर, आणि कच्ची रीडिंग संगणकावर उतरवून घ्यायची सोय.

१. एडीसी बाजूला ठेवा, आधी एका पायरीचे व्होल्ट काढा

आपला लोड सेल २० किलोचा आहे. १० किलोच्या काट्याला २० किलोचा सेल कशाला? कारण ताटाचं आणि सांगाड्याचं वजन सेलवर कायम असतं, आणि गिऱ्हाईक पिशवी अलगद ठेवत नाही, आपटतं. सेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, त्याला आपण ५ व्होल्ट देतो. म्हणजे २० किलोला १० मिलिव्होल्ट मिळणार, १० किलोला ५ मिलिव्होल्ट. एका ग्रॅमला अर्धा मायक्रोव्होल्ट, आणि आपल्या २ ग्रॅमच्या पायरीला बरोबर १ मायक्रोव्होल्ट.

हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं आहे.

इथेच पहिली फसगत असते. सेलला खरंच ५ व्होल्ट मिळतायत का? बाजारात मिळणाऱ्या एचएक्स७११ या वजनकाट्यांसाठीच्या २४ बिट एडीसी चिपच्या बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर रेझिस्टरांची निवड अशी असते की बाहेरून ५ व्होल्ट दिले तरी सेलपर्यंत ४.३ च्या आसपासच पोचतात. म्हणजे सिग्नल आधीच १४ टक्के कमी. मल्टिमीटर लावा, बघा, आणि तो खरा आकडा गणितात घाला. पुढे मी सोयीसाठी ५ व्होल्टच धरतो.

२. किती नॉइज चालेल ते ठरवा

एक पायरी १ मायक्रोव्होल्टची आहे म्हणून १ मायक्रोव्होल्ट नॉइज चालेल, असं नाही. वजन दोन पायऱ्यांच्या सीमेवर असलं की जरासा नॉइजही डिस्प्लेला इकडून तिकडे ढकलतो. सीमेवर थोडी धरून ठेवण्याची युक्ती प्रोग्राममध्ये घालता येते, पण त्यासाठीसुद्धा नॉइज पायरीपेक्षा बराच लहान लागतो. मी पायरीचा पाचवा भाग धरतो. हा काही कायद्यातला आकडा नाही, माझा अंदाज आहे. मात्र व्यापारासाठी काटा विकायचा असेल तर २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू होतो, मॉडेलला मान्यता आणि काट्याची पडताळणी लागते, आणि तिथली चूक-मर्यादा ढिली नसते. तिसऱ्या वर्गाच्या २ ग्रॅमच्या काट्याला पहिल्या पडताळणीत १ किलोपर्यंत फक्त १ ग्रॅम इकडेतिकडे चालतं, ४ किलोपर्यंत २ ग्रॅम, त्यापुढे ३ ग्रॅम. या १ ग्रॅममध्ये तापमानाने सरकणं, सेलचा सिग्नल वजनाच्या अगदी सरळ प्रमाणात न वाढणं, कोपऱ्यात ठेवलेल्या वजनाचा फरक, सगळंच बसवायचं असतं. नॉइजला त्यातला मोठा वाटा देऊन चालत नाही.

तर पायरीचा पाचवा भाग म्हणजे २०० नॅनोव्होल्ट, आणि हा पीक-टू-पीक, म्हणजे सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या रीडिंगमधलं अंतर. डेटाशीटमध्ये बहुतेक वेळा आरएमएस आकडा असतो, म्हणजे रीडिंगचं प्रमाण विचलन. दोन्हींना जोडणारा गुणक ६.६ आहे: नॉइज यादृच्छिक असेल तर हजारातली ९९९ रीडिंग या पट्ट्यात पडतात. २०० ला ६.६ ने भागलं की ३०. म्हणजे आपल्याला आरएमएस ३० नॅनोव्होल्टच्या आतला एडीसी हवा.

झालं, खरेदीची अट ठरली. तिच्यात बिट हा शब्द आलेला नाही.

३. डेटाशीट नॉइज कोणत्या मापात सांगतेय ते ओळखा

एकच गोष्ट कंपन्या चार-पाच तऱ्हांनी छापतात. कधी सोय म्हणून, कधी आकडा मोठा दिसतो म्हणून.

इनपुटकडे मोजलेला नॉइज, आरएमएस नॅनोव्होल्ट किंवा मायक्रोव्होल्टमध्ये: हा सगळ्यात प्रामाणिक आकडा. थेट आपल्या ३० शी ताडा.

इफेक्टिव्ह रिझोल्यूशन: पूर्ण इनपुट पट्टा भागिले आरएमएस नॉइज, त्याचा २ च्या पायाचा लघुगणक.

नॉइज-फ्री बिट: तेच गणित, पण पीक-टू-पीक नॉइज घेऊन. ६.६ चा लघुगणक २.७ येतो, म्हणून हा आकडा वरच्यापेक्षा नेहमी २.७ बिटांनी कमी असतो. एका कंपनीचा इफेक्टिव्ह आणि दुसरीचा नॉइज-फ्री आकडा समोरासमोर ठेवून तुलना करणारे पुष्कळ जण भेटतात. दोन्ही चिप सारख्याच असल्या तरी पहिली सहापट चांगली वाटते.

एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर), डीबीमध्ये: हा मुख्यतः वेगवान एडीसींसाठी. आदर्श एडीसीला ६.०२ गुणिले बिट अधिक १.७६ इतका एसएनआर असतो. १६ बिटला ९८ डीबी.

एनॉब (इफेक्टिव्ह नंबर ऑफ बिट्स): वरचंच सूत्र उलटं फिरवायचं, पण त्यात एसएनआरऐवजी सिनॅड घालायचा. सिनॅडमध्ये नॉइजबरोबर विकृतीही मोजलेली असते, म्हणून डीसी मोजणाऱ्याला एनॉबचा फारसा उपयोग नाही. काही डेटाशीट मात्र इफेक्टिव्ह रिझोल्यूशनलाच एनॉब म्हणतात! नाव कुठलंही असो, तक्त्याखालची बारीक अक्षरातली व्याख्या वाचा.

आता एचएक्स७११ ला हे लावू. गेन (मोजण्याआधी चिप सिग्नल किती पट मोठा करते तो आकडा) १२८ आणि सेकंदाला १० रीडिंग या स्थितीत त्याची डेटाशीट ५० नॅनोव्होल्ट आरएमएस सांगते. ५ व्होल्टवर या गेनला इनपुट पट्टा उणे १९.५ ते अधिक १९.५, म्हणजे ३९ मिलिव्होल्ट. ३९ मिलिव्होल्ट भागिले ५० नॅनोव्होल्ट, लघुगणक घेतला की १९.६ बिट इफेक्टिव्ह. नॉइज-फ्री १६.९. आणि आपण तो सगळा पट्टा तरी कुठे वापरतोय? आपला सिग्नल ५ मिलिव्होल्टचा. ५ मिलिव्होल्ट भागिले ३३० नॅनोव्होल्ट म्हणजे सुमारे १५,००० स्थिर पायऱ्या, म्हणजे १४ बिटांना किंचित कमी. २४ बिटांतले १० बिट गेले ते असे: सातेक बिट नॉइजमध्ये, तीन बिट न वापरलेल्या पट्ट्यात.

याचा अर्थ चिप वाईट आहे असा मुळीच नाही. ३३० नॅनोव्होल्ट म्हणजे पाऊण ग्रॅमपेक्षा कमी. २ ग्रॅमच्या काट्याला थोडी सरासरी घेतली की ती पुरते, हे पुढे येईलच. पण ५० हा आकडा आपल्या ३० च्या अटीत बसत नाही, हे आत्ताच दिसलं.

४. ठळक बिटांमागचा गेन शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एडीएस१२३२ घ्या, तोही वजनकाट्यांसाठीच बनवलेला. डेटाशीट २३.५ पर्यंत इफेक्टिव्ह बिट सांगते. आणि तिथेच १० रीडिंगच्या गतीला, गेन १२८ वर नॉइज १७ नॅनोव्होल्ट असल्याचंही सांगते. हे दोन्ही एकाच गेनला खरं असू शकत नाही: १२८ गेनला पट्टा ३९ मिलिव्होल्टचा, त्याला १७ नॅनोव्होल्टने भागलं तर २१.१ बिट येतात. २३.५ बिट गेन १ चे आहेत, जिथे पट्टा ५ व्होल्टचा असतो. उलटं गणित करा: ५ व्होल्टमध्ये २३.५ बिट म्हणजे ४२० नॅनोव्होल्ट नॉइज.

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. गेन वाढवला की बिट कमी होतात, मग गेन कशाला वाढवायचा? कारण आपण बिट मोजत नाही, ग्रॅम मोजतो. गेन १ वर ४२० नॅनोव्होल्ट आरएमएस म्हणजे पीक-टू-पीक २.८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे साडेपाच ग्रॅम. गेन १२८ वर ११२ नॅनोव्होल्ट, पाव ग्रॅमच्याही आत. जास्त बिटांचा पर्याय आपल्या कामात पंचवीसपट वाईट निघाला. लहान आंबा मोठ्या तराजूत टाकल्यावर तराजूची क्षमता काय कामाची!

नियम सोपा आहे. सिग्नल आणि ताटाचं कायमचं वजन धरून जितका जास्तीत जास्त गेन बसतो तितका घ्या, आणि फक्त त्या गेनच्या ओळीतला व्होल्टमधला नॉइज वाचा. आपले जास्तीत जास्त १० मिलिव्होल्ट १९.५ मध्ये आरामात बसतात, त्यामुळे १२८.

५. गतीची ओळ बदलू नका

नॉइजचा तक्ता गेन आणि गती अशा दोन बाजूंनी असतो. सेकंदाला ८० रीडिंग घेतली तर एचएक्स७११ चे ५० चे ९० नॅनोव्होल्ट होतात, एडीएस१२३२ चे १७ चे ४४. जाहिरातीत हळू गतीचा नॉइज आणि वेगवान गतीचा वेग शेजारी-शेजारी छापलेला असतो, तो एकत्र कधीच मिळत नाही.

गतीशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. या दोन्ही चिपचा अंतर्गत फिल्टर १० रीडिंगच्या गतीला ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही दाबतो. ८० ला हा फायदा जातो. ट्यूबलाइटखाली, फ्रिजशेजारी ठेवलेल्या काट्यात हा फरक नॉइजच्या तक्त्यापेक्षा मोठा ठरू शकतो, आणि तो तक्त्यात दिसत नाही.

हळू गतीची किंमतही लक्षात असू द्या. एचएक्स७११ ला १० च्या गतीला स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात. दुकानाच्या काट्याला ठीक, पट्ट्यावरून सरकणारी पाकिटं तोलायची असतील तर नाही.

६. चिपच्या बाहेरचा नॉइज

डेटाशीटमधला आकडा इनपुट एकमेकांना जोडून घेतलेला असतो. सेन्सर नाही, वायर नाही, फिल्टर नाही. त्यामुळे बाकीचं आपण जमवायचं.

रेझिस्टरला स्वतःचा नॉइज असतो. १ किलोओहमला हर्ट्झच्या वर्गमुळामागे ४ नॅनोव्होल्ट, आणि रोधाच्या वर्गमुळाप्रमाणे तो वाढतो. ३५० ओहमच्या सेलचा २.४ येतो, १० रीडिंगच्या गतीला ५ हर्ट्झ बँडविड्थ धरली तर साडेपाच नॅनोव्होल्ट. नॉइज वर्गांच्या बेरजेने मिळवायचे असतात, म्हणून ५० मध्ये साडेपाच मिळवले तरी बेरीज ५० च राहते. सेलची चिंता सोडा.

पण इंटरनेटवरचं एखादं सर्किट बघून तुम्ही दोन्ही इनपुट वायरींत १०-१० किलोओहमचे फिल्टर रेझिस्टर घातलेत, तर? एकूण २० किलोओहम, सुमारे ४१ नॅनोव्होल्ट. ५० शी वर्गांनी मिळवले की ६५. १७ वाल्या चिपशी मिळवले तर ४४, म्हणजे महाग चिप घेऊन तिचा फायदा दोन रेझिस्टरांनी खाल्ला. तिथे १०० ओहम ठेवा आणि कपॅसिटर मोठा घ्या.

रेफरन्सचा (एडीसी ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो त्याचा) नॉइज जास्त फसवा आहे, कारण इनपुट शून्य असताना तो दिसतच नाही. तो सिग्नलच्या प्रमाणात वाढतो. रिकामं ताट शांत आणि ८ किलो ठेवले की आकडा हलायला लागतो, असं झालं तर संशय इकडे वळवा. यावर सोपा तोडगा म्हणजे सेलला दिलेला व्होल्टेजच एडीसीचा रेफरन्स म्हणून वापरायचा. पुरवठा ०.०१ टक्का हलला तर सिग्नल आणि रेफरन्स दोन्ही तेवढेच हलतात आणि गुणोत्तर तसंच राहतं. सेलला वेगळा रेग्युलेटर दिलात तर पूर्ण भाराला तेच ०.०१ टक्का म्हणजे १ ग्रॅम.

७. सरासरी किती वाचवते

चार रीडिंगची सरासरी घेतली की नॉइज निम्मा, सोळाची घेतली की पाव. एचएक्स७११ चे ५० नॅनोव्होल्ट चारांच्या सरासरीने २५ होतात, आणि आपल्या ३० च्या अटीत बसतात. पीक-टू-पीक १६५ नॅनोव्होल्ट, म्हणजे ०.३३ ग्रॅम. म्हणून या काट्यासाठी माझं मत विचाराल तर एचएक्स७११ आणि चारांची चालती सरासरी पुरेशी आहे. पायरी १ ग्रॅम हवी असेल तर एडीएस१२३२ कडे वळा.

फक्त "मग शंभराची सरासरी घेऊ" असं करू नका. वर्गमुळाचा नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या नॉइजला लागू होतो. हळूहळू सरकणारा नॉइज, तापमानाने होणारा बदल, पंख्याचा वारा, टेबलाची थरथर, यांच्यावर सरासरी चालत नाही. शिवाय १० च्या गतीला शंभर रीडिंग म्हणजे १० सेकंद, तेवढ्यात गिऱ्हाईक पिशवी उचलून निघालेलं असतं.

८. सिग्नल वेगवान असेल तर

कंपन किंवा ध्वनी मोजणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे एसएनआर बघायचा, पण तो कोणत्या फ्रीक्वेन्सीला मोजलाय तेही बघायचं. १६ बिटचा, ५ व्होल्ट पट्ट्याचा, ९२ डीबीचा एडीसी म्हणजे १५ बिट आणि सुमारे ४४ मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉइज. फ्रीक्वेन्सी वाढली की क्लॉकचा जिटर (ठोक्यांची वेळ किंचित मागेपुढे होणं) वरचढ होतो: १ पिकोसेकंद जिटर असेल तर १० मेगाहर्ट्झला एसएनआर ८४ डीबीच्या वर जाऊच शकत नाही, १०० मेगाहर्ट्झला ६४. तिथे १६ बिटला पैसे देण्याआधी क्लॉकला द्या.

९. विकत घेतल्यावर मोजून बघा

डेटाशीटमधला नॉइज बहुधा "टिपिकल" रकान्यात असतो, कमाल मर्यादेचा रकाना मोकळा. म्हणजे कंपनीने तो आकडा हमी म्हणून दिलेला नाही. म्हणून शंभर नग मागवण्यापूर्वी दोन-तीन घ्या.

इनपुट सरळ ग्राउंडला जोडू नका. एचएक्स७११ चे इनपुट ग्राउंडच्या १.२ व्होल्ट वर आणि पुरवठ्याच्या १.३ व्होल्ट खाली असले तरच तो नीट चालतो. चार रेझिस्टरांचा खोटा ब्रिज (लोड सेलच्या आत असते तशी चौकोनी जोडणी) बांधा आणि सेलच्या जागी जोडा, म्हणजे दोन्ही इनपुट आपोआप अर्ध्या पुरवठ्यावर येतात. हजारभर कच्ची रीडिंग स्प्रेडशीटमध्ये घ्या, प्रोग्राममधली सरासरी बंद ठेवून. प्रमाण विचलन काढा आणि एका कोडच्या (कच्च्या रीडिंगमधल्या एका आकड्याच्या) व्होल्टने गुणा. आपल्या चिपला ५ व्होल्टवर एक कोड २.३ नॅनोव्होल्टचा आहे. विचलन २१-२२ कोड आलं तर डेटाशीटच्या ५० शी जुळलं.

४० च्या आसपास किंवा वर आलं तर आधी मॉड्यूलवरचा रेट पिन ग्राउंडला आहे की पुरवठ्याला ते बघा. तुम्ही नकळत ८० च्या गतीवर असाल. तो ठीक असेल तर मोबाइलचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बॅटरीवर विचलन उतरलं तर दोष पुरवठ्यात. नाही उतरलं तर दुसरा नग लावा. खोट्या ब्रिजवर आकडे जुळले की मगच खरा सेल जोडा, आधी रिकाम्या ताटाने आणि मग पूर्ण वजनाने, पंखा बंद करून. प्रत्येक वेळी विचलन वहीत लिहा, शेजारी गेन, गती आणि सेलवर प्रत्यक्ष मोजलेला व्होल्टेज.